दोन गुण

टिमारूच्या बोलिंग क्लबात, एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी,
भिंतीवरचा हीटर तापायला भाषणांइतकाच वेळ घेतो.
मेंढीचं मांस, कुमारा, वाटाणे,
पावलोवा मधोमध खचलेला, गेल्या वर्षीसारखाच.
हेल्मेटाविना, इस्त्रीच्या सदऱ्यांत
एकमेकांना चटकन ओळखू येत नाहीत माणसं.
नखं तेवढी तीच.

मी नायरी. बावीस हंगाम फेऱ्या मोजते आहे,
पिटच्या भिंतीमागे, गुडघ्यांवर घोंगडी, हातात पेन्सिल.
कोणाचा क्लच कितव्या फेरीत गेला, मला विचारा.
एक माणूस, चार चाकं, पाठीशी जुन्या बीटलचं इंजिन,
छप्पर नाही, शेजारी बसायला जागा नाही,
बक्षिसाची रक्कम नाही. सगळी पदरमोड.
हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं. मी टायरांच्या पावत्या पाहिल्या आहेत,
आणि त्या लपवणारे नवरे, आणि बायकाही.

आधी किरकोळ बक्षिसं.
फळीवर ठोकलेला वाकडा विशबोन तेवीताला:
एकाच वळणावर तीनदा मातीत.
तो शिंगांसारखा डोक्यावर धरतो, पोरं खिदळतात.
नवोदितांचा पेला फिनबारला, पण तो ट्रॉलरवर, समुद्रात.
आई आली घ्यायला. माइकवर म्हणाली,
"मी एकही शर्यत डोळे उघडे ठेवून पाहिलेली नाही,"
आणि घाईघाईनं खाली उतरली.

मग अजिंक्यपद.
ब्रायोनी स्टॅव्हली, तेवीस वर्षांची, गुरांच्या दवाखान्यात नर्स.
दुसरा मर्डॉक. दुधाचा टँकर चालवतो.
एकोणीस हंगाम, पाचव्यांदा दुसरा.
फरक दोन गुणांचा.
मी सात वेळा बेरीज केली.
खरं सांगते, चूक सापडावी म्हणून केली.
तिसऱ्या शर्यतीचा भिजलेला कागद,
त्यावरचा सत्तेचाळीस कदाचित एक्केचाळीस असेल म्हणून
भिंग लावून पाहिला.
सत्तेचाळीसच होता.

शेवटच्या रविवारी सकाळी तिच्या गिअरबॉक्सचे दात गळाले.
ट्रेलरच्या पायरीवर बसून राहिली, हातमोजे न काढता.
मर्डॉक आपल्या व्हॅनमधून जास्तीचा घेऊन आला,
पोटाशी धरून, धापा टाकत,
गवतावर ठेवला, म्हणाला,
"तिसरा जरा सांभाळून टाक."
दुपारी ती रेषेवर त्याच्यापुढे. अर्ध्या गाडीनं.

कमिटीला त्याला खिलाडूपणाचा चषक द्यायचा होता.
घासूनपुसून तयार, नावाची पट्टीसुद्धा.
मंगळवारी त्याचा फोन:
"नायरी, तेवढं करू नका.
चषक दिलात की ते दान होईल.
मी उसना दिलाय. ती परत करणार आहे."
तिच्याकडूनही त्यानं शब्द घेतला होता,
हे मला नंतर कळलं.

म्हणून आज कोणी काही बोललं नाही.
नाकापेक्षा मोती जड तसा तो चषक कवटाळून
तिनं वडिलांचे आभार मानले, टायरवाल्याचे, बँकेचेसुद्धा,
मग थांबली, आवंढा गिळला,
आणि "एवढंच," म्हणाली.
मर्डॉकनं टाळ्या वाजवल्या,
इतरांइतक्याच. मी मोजत होते. सवय.

दहाला उरलेले पेले खोक्यात भरून बाहेर आले.
समुद्राकडून धुकं. दिव्याखाली तिच्या गाडीचा मागचा फाळका उघडा,
जुन्या टॉवेलात गिअरबॉक्स, त्यावर वाकलेली दोन डोकी.
"तिसरा अडला?"
"थंड असताना."
"पहिल्यापासूनच तसा तो."
त्यानं बोटांनी शाफ्ट फिरवला, कान लावला,
पुन्हा फिरवला.
"तेल कुठलं घातलंस?"
तिनं सांगितलं. त्याला ते पटलं नाही.
बराच वेळ त्यावरच चाललं होतं.

मग व्हॅनचं दार लागलं, तिनं गाडी सुरू केली,
दिवे लागले, चाकं फिरली.
चषक टपावरच उभा होता.
मलाच ओरडावं लागलं.