रूबेन सोमवारी येणार

विमा कंपनीची मुलगी फोनवर फार गोड बोलली:
ट्रॅकर बसवा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून
चोरी झाली तर एक सेंटही नाही.
मी म्हटलं, बाई, गाडी एकोणीस वर्षांची आहे,
डावा दरवाजा आतून लाथ घातल्याशिवाय उघडत नाही,
चोरानं नेली तर दोन दिवसांत परत आणून सोडेल.
ती हसली. मग तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं.

किंबर्लीत हल्ली अशाच गाड्या जातात,
जुन्या, पांढऱ्या, कुणाच्या लक्षात न राहणाऱ्या.
समोरच्या मोलेटेंची गेली चर्चच्या दारातून,
आत शेवटचं भजन चालू असताना.
म्हातारा हातात किल्ली घेऊन
रिकाम्या जागेकडे बघत उभा होता,
किल्ली आहे म्हणजे गाडीही असणारच, अशा चेहऱ्यानं.

केनेइल्वे ब्लूमफाँटेनहून रोज विचारते, बसवलंस का?
तिच्याही फोनवर दिसेल म्हणे, निळा ठिपका:
आई कुठे आहे, थांबलीय की चाललीय,
किती वेगानं.
काळजीपोटी गं, म्हणते.
खरंच आहे. काळजीच आहे.
मी तिच्या दप्तरात न सांगता हात घालायचे
तेव्हा तीही काळजीच होती.

आणि दिसणार काय तिला?
दुकान. दवाखाना. दर दुसऱ्या रविवारी गाओलाटेची कबर.
बहिणीचं घर, भांडण नसेल तर.
सगळं मिळून मुठीएवढं वर्तुळ.
चोराची भीती नाही इतकी
त्या ठिपक्यापुढे लाज वाटते.

माझा बाप इथल्याच हिऱ्याच्या खाणीत होता.
पाळी संपली की रांगेत उभं राहायचं,
तोंड उघडायचं, जीभ वर करायची, बोटं फाकवायची.
घरी आला की कितीतरी वेळ
तो तोंड उघडायचाच नाही,
बोलायला नाही, जेवायलाही नाही.
आम्हांला वाटायचं, रागावलाय.
खाण तशी माती;
मलाही फार विचारलेलं सोसत नाही.

शुक्रवारी रूबेन गाडी बघून गेला.
हडकुळं पोर, कानामागे पेन्सिल.
म्हणाला, आंटी, यंत्र कुठे लपवणार ते सांगणार नाही,
तुम्हालाही नाही.
कुणी बंदूक लावली तर
तुम्हाला सांगताच येऊ नये म्हणून.

माझ्याच गाडीत, माझ्याच पैशानं,
मला ठाऊक नसलेली एक जागा.
हे मात्र आवडलं, का कोण जाणे.

गाओलाटेचीही अशी एक जागा होती.
दर गुरुवारी संध्याकाळी गाडी काढायचा,
नवाच्या आत परत. बुटांना लाल माती.
तेवीस वर्षं मी विचारलं नाही,
त्यानं सांगितलं नाही.
बूट मात्र मीच पुसून ठेवायचे.
ट्रॅकर असता तर कळलं असतं.
कळलं असतं तर...
हे वाक्य मी पुष्कळदा इथपर्यंत आणलंय.

सही केली. सोमवारी सकाळी आठ.

काल शनिवार. पहाटे टाकी भरली,
फोन पिठाच्या डब्यामागे ठेवला
आणि रोज डावीकडे वळते तिथे
उजवीकडे वळले.

कुठे गेले ते सांगत नाही.
वाटेत एका काटेरी झाडावर
चिमण्यांच्या अख्ख्या वस्तीचं एकच घरटं होतं,
गवताच्या गंजीएवढं, फांदी पार वाकलेली.
एका ठिकाणी टायर बसला.
ज्यानं बदलून दिला त्याच्याबरोबर
रस्त्याकडेला बसून कलिंगड खाल्लं.
त्यानं नाव विचारलं नाही. मीही नाही.

रात्री फोन बघितला: केनेइल्वेचे अकरा कॉल.
झोप लागली होती, म्हटलं.

काट्यावर दोनशे बारा किलोमीटर वाढलेत.
चपला दारात आहेत.
माती अजून पुसलेली नाही.