निवेदन क्रमांक चारशे बारा

लंडनला येणारी निवेदनं मी रकान्यांत भरतो.
बाजूने, विरुद्ध, मोघम.
कॉपीराइटचा कायदा बदलायचा की नाही, ते वरचे ठरवतील;
माझ्याकडे स्टेपलर आहे,
आणि जानेवारीतला चार वाजताचा अंधार.

चारशे बारा शेटलंड बेटांवरून आलं.
इंगा माउट, लर्विक. पाकिटाला मेंढीचा वास.
आत दीड पान, आणि पिनेने टोचलेला
तळहाताएवढा विणलेला तुकडा,
निळ्यावर राखाडी, कडेने लाटेसारखं काहीतरी.

ती लिहिते:
हा नमुना ओसला हॅलक्रोने काढला, पेनीला एक कागद विकायची,
एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात वारली.
मूलबाळ नाही. भाचा कॅनडात गेला म्हणतात.
मी तीन पत्रं टाकली, तिन्ही परत.
एकावर पेन्सिलीने: इथे आता दातांचा दवाखाना आहे.

पुतणीने एक प्रोग्राम लिहिलाय.
जुना कागद दाखवला की यंत्र स्वतः टाके मोजतं,
अंगाच्या मापाने नमुना वाढवतं, घटवतं.
आठ यंत्रं घेणार होतो, अकरा जणींना काम.
बँकेतल्याने विचारलं, कागद कुणाचा?
म्हटलं, मेलेल्या बाईचा.
मग थांबा, म्हणाला.
दोन हजार पंचेचाळीसच्या एक जानेवारीला सुटेल.
तेव्हा मी एकोणऐंशीची.
पुतणी परवाच्या बोटीने ॲबर्डीनला गेली.

साहेब, ओसलाने तरी तो कुठून आणला?
मावशीच्या पाठीवरून. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून,
प्रार्थना चालू असताना टाके मोजत.

शेवटचा रकाना: आर्थिक परिणाम, पौंडांत.
तिथे आकडा लिहून खोडलेला.
खाली: तुकडा बघा.

चारशे तेरा ब्रिस्टलहून, एका सुताराचं.
वडिलांनी लहान मुलांच्या पुस्तकात काढलेल्या कोल्ह्याचे
वर्षाला एकशे साठ पौंड येतात,
आईचा हीटर त्यावर चालतो.
'हात लावू नका' दोनदा अधोरेखित.
मी ते 'विरुद्ध'मध्ये ठेवलं
आणि थोडा वेळ तिथंच बसून राहिलो.

कोल्ह्याच्या दारात माणूस आहे,
कडी वाजवली तर ओ देईल, पैसे सांगेल, नाही म्हणेल.
ओसलाच्या दाराला नुसतं कुलूप.
किल्ली कुणाकडेच नाही
आणि पहारा मात्र चोख.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

स्कॅनर लोकर घेत नाही.
वस्तू परत पाठव, असं वरून आलं.
पाकिटावर पत्ता घातला, तुकडा उलटा केला:
मागे आडवे धावलेले धागे,
आणि एका ओळीत चूक, दोनऐवजी तीन.
इंगाची, ओसलाची, की त्या मावशीची?
निवेदनात उल्लेख नाही.

सहा वाजून गेलेत. झाडूवाली दिवे मालवत येतेय.
मी कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर उतरवून घेतोय
दोन निळे, एक राखाडी,
दोन निळे, एक राखाडी,
तीन