किरकोळ गळती

ट्रेलोअर पार्कात एकूण रस्ते चार.
हर्बर्ट ट्रेलोअरला मुलीही चारच होत्या.
बदामाची बाग मोडून त्यानं प्लॉट पाडले
तेव्हा नावं शोधायला लांब जावं लागलं नाही.
इथेल, म्युरिएल, ऑगस्टा, आणि धाकटी विनी,
जी नवव्या वर्षी गेली.
विनी स्ट्रीट पुढे कुठंच जात नाही.
नाल्याच्या कुंपणापाशी येते, तिथंच थबकते.

मी पाण्याची मीटरं वाचतो.
तीन महिन्यांतून एकदा फेरी, सव्वीस वर्षं झाली.
माणसांपेक्षा मला फाटकं जास्त ओळखतात.
कुठली कडी वर उचलून ओढायची,
कुठला कुत्रा नुसता तोंडाचा,
कुठल्या मीटरच्या खड्ड्यात कोळी असतात,
हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

अ‍ॅडलेडच्या या टोकाची माती काळी आणि हट्टी.
फेब्रुवारीत वाळून अशी फाटते की
आत हात जाईल.
मग घरं एका कुशीवर होतात.
जुलैत तीच पाणी पिऊन फुगते,
दारं चौकटीत अडकून बसतात
आणि लोक खांद्यानं ढकलत घरात शिरतात.
भिंतींवर तडे आहेत, तड्यांपाशी पेन्सिलीच्या तारखा:
‘मार्च ७१, दोन सेंटचं नाणं मावतं.’
‘ऑगस्ट, बंद.’
एका चौकटीवर पोरांची उंची, दुसरीवर तडा.
मॉरीन टकर म्हणते, पोरं तरी वाढायची थांबली.

वेल्टा ओझोलिन्या बोटीनं आली, लाटवियाहून.
नवऱ्यानं आधी गॅरेज बांधलं,
तीन वर्षं त्यात संसार,
घर मग रविवारी रविवारी.
अजूनही ती गॅरेजातच बसते, शटर अर्धं वर करून.
घर पाहुण्यांसाठी आहे, म्हणते.
पाहुणे येताना मी पाहिले नाहीत.

इथं भांडणं होतात ती कचऱ्याच्या डब्यांवरून,
आणि मिटतात ती लिंबांवर.
कुंपणावर पिशवी टांगलेली दिसली
की समजायचं, कुणीतरी नमतं घेतलंय.
दुकान होतं एक, तिथं आता दाताचा दवाखाना.
नव्या घरांतली माणसं गाडीतून थेट गॅरेजात जातात,
असं जुनी माणसं म्हणतात.
झाहराचं घर नवंच आहे, पण तिचा पोरगा
दर संध्याकाळी विनी स्ट्रीटवर सायकल फिरवतो,
नाल्यापर्यंत जाऊन परत, जाऊन परत.

विनी स्ट्रीट, चौदा नंबर. पेट्को दोब्रेव.
गेल्याच्या गेल्या स्प्रिंगमध्ये वारला.
मुलगा पर्थला. घर बंद, पडदे ओढलेले,
पत्रपेटीत पिझ्झ्याच्या जाहिराती.
मीटर हलायला नको होतं.

पहिल्या फेरीत मी आकडा दोनदा वाचला.
बोटानं काच पुसून पुन्हा वाचला.
मग मागच्या अंगणात गेलो.
मिरच्यांचे वाफे वाळून खडखडत होते,
टोमॅटोच्या काठ्या तशाच उभ्या,
आणि कडेला, जाण्याआधीच्या हिवाळ्यात त्यानं लावलेलं
जर्दाळूचं कलम, माझ्या कमरेएवढं,
हिरवं गार.
आळ्यात पाणी अजून जिरत होतं.
ओल्या मातीत चार चाकांच्या रेघा,
म्हातारी माणसं धरून चालतात त्या गाड्याच्या.
त्यांच्यावरून सायकलचा एक चाकोरा,
आणि कुणाच्या तरी रबरी बुटाचा ठसा,
तो मात्र मला लावता आला नाही.

मी कुणाला विचारलं नाही.
वेल्टानं गॅरेजातून हात केला, मीही केला.
ती जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

फॉर्मवर रकाने असतात.
चोरी, बिघाड, गळती, इतर.
‘इतर’समोर कारण लिहावं लागतं.
मी ‘गळती’वर खूण केली, पुढे लिहिलं, किरकोळ.
तेव्हापासून प्रत्येक फेरीला तेच लिहितो.
उन्हाळ्यात गळती थोडी वाढते.

बिल पर्थला जातं.
मुलगा वेळेवर भरतो.
बंद घराला पाणी कसं लागतं,
हे त्यानंही अजून फोन करून विचारलेलं नाही.