मांड

किलब्रॅकनच्या मैदानावर, वजनकाट्यामागच्या खोलीत
एकतीस वर्षं खोगिरं पुसतोय.
चामडं खोटं बोलत नाही.
रिकिबीचा पट्टा कुठे झिजला ते बघून सांगतो
कोण घोड्यावर बसतो
आणि कोण नुसताच घोड्यावर असतो.

हल्लीची पोरं रिकिबी इतक्या आखूड बांधतात
की गुडघे हनुवटीला लागावेत.
बुटाचं टोक तेवढं लोखंडावर,
मांड म्हणून नाहीच.
घोडा जरा बुजला, की स्वार हवेत.

काल तिसऱ्या शर्यतीत
कॅहल ब्रीननं वळणावर घोडी कठड्याकडे ओढली,
मागे न बघता.
मागे ओर्ला टूमी होती. एकोणीस वर्षांची.
तिचा घोडा गुडघ्यांवर गेला, मग तिच्यावर.
आवाज फार झाला नाही.
आयर्लंडच्या ओल्या गवतावर होत नाही.

पंचांनी ब्रीनला चार दिवसांची बंदी घातली.
चार दिवस!
माझी सर्दी जास्त टिकते.

तो आत आला, चाबूक बाकावर टाकला.
"जागा होती, मॅलकी."
मी त्याचं खोगीर उतरवून घेतलं.
"होती," म्हटलं. "तिची."

रात्री घरी हेच चाललं होतं माझं,
आमच्या वेळी असं नव्हतं,
आमच्या वेळी मांड अशी की
मांडीखाली नाणं ठेवा, मैलभर पडायचं नाही.
नोरीन बटाटे सोलत होती.
साल न तुटू देता म्हणाली,
"डोनल क्विर्कचं कार्ड आलं का रे नाताळात?"

आलं होतं.
दरवर्षी येतं. डाव्या हातानं लिहिलेलं,
ओळी उताराला लागलेल्या.
त्र्याऐंशी साली याच वळणावर
मलाही जागा दिसली होती.
कॅमेरा तेव्हा एकच होता
आणि तो पहिल्या घोड्यावर.
मला एक दिवसही मिळाला नाही.

सकाळी लवकर आलो.
ओर्लाच्या खोगिरातला चिखल नखानं काढला,
तेल लावलं, तिच्याच खुंटीवर ठेवलं.
दवाखान्यातून अजून फोन नाही.

मग ब्रीनच्या रिकिबी
दोन भोकं लांब केल्या.
परत आला की आखूड करेल, माहीत आहे.
करू दे.
तेवढ्यासाठी तरी त्याला
मान वळवून बघावं लागेल.