रकाना दहा

गांधीनगर, कापडपेठेच्या मागची तिसरी गल्ली,
दुपारचे साडेबारा.
मी उचगावच्या शाळेची बाई,
काखेत फाइल, पेनाला सुतळी.
कडी वाजवली तर आतून आवाज आला,
"थांब गं, येतो."

येतो म्हणाली. आमच्या बाया म्हणतात तसंच.
वर्गात मी मुलींना येते, जाते, करते शिकवतो,
तांबड्या शाईनं तो चा ते करतो,
आणि घंटा झाली की पर्स उचलून
"चला, मी जातो" म्हणून चालायला लागतो.

ईश्वरीबाई थदाणी.
"वय लिही चौऱ्याऐंशी.
आगबोटीतनं उतरलो तवा पाच-सहाची होतो."
पाणी आलं, पापड आला,
मग रकाना दहा. मातृभाषा.
"सिंधी लिही," म्हणाली, आणि लिहून होईस्तोवर
पेनाच्या टोकाकडं बघत राहिली.

"म्हण बघू, बार."
बार, म्हणालो.
"हे झालं ओझं. आता श्वास आत ओढून म्हण."
मी ओढला. ठसका लागला.
ती हसली, पाठीवर हात फिरवला.
"आत ओढलास तर लेकरू हुतंय,
भाईर सोडलास तर ओझं.
माझ्या नातवंडांना न्हाई जमत.
सगळी ओझंच म्हणत्यात."

रकाना अकरा. येणाऱ्या इतर भाषा, जास्तीत जास्त दोन.
"दोनच?"
बोटं मोडू लागली:
ट्रकवाल्यांची हिंदी,
सुरतच्या फोनवरची गुजराती,
निपाणीच्या गिऱ्हाइकांपुरती कानडी,
मंडईतली, तलाठ्याकडची, भांडणातली मराठी,
आणि गठ्ठे बांधणाऱ्या प्रफुल्ल बेहेराची
वर्षभरात उचललेली चार वाक्यं,
त्यातली दोन शिव्या.
"दुकानाला सहा शटर हायत, बाई.
सरकारला दोनच उघडी दिसत्यात व्हय?"

दुकानावरची पाटी मराठीत, ठळक, नियमाप्रमाणं.
आत कपाटात मालकांची वही,
काना ना मात्रा, व्यापाऱ्यांची जुनी लिपी.
मालक गेले. पोरांना वाचता येईना.
कुणाकडं किती येणं राहिलं
ते आता फक्त वहीला ठाऊक.

निघताना दाराची चौकट दाखवली,
घर नवं बांधलं तरी जुन्या बराकीची ठेवलेली.
खाली पेन्सिलच्या रेघा, शेजारी परकी अक्षरं:
इथं आमच्या आधी पोलंडची पोरं राहायची,
लढाईनं हुसकलेली. त्यांची उंची.
त्यांच्यावर तिची. मग तिच्या पोरांची, सिंधीत.
मग नातवंडांची, इंग्रजीत.
सगळ्यात वर परवाची रेघ,
खडूनं, मराठी आकड्यात.
"ही कुणाची?"
"प्रफुल्लच्या पोराची. तुझ्याच शाळेत हाय की."

आहे. शेवटच्या बाकावर.
गप्प असतो म्हणून मी शेऱ्यात लिहिलं होतं:
भाषा कच्ची.

परवा आमच्या घरी मोजणीला सावंतबाई आल्या.
ओळखीच्या. चहा झाला, बदल्यांचं बोलणं झालं,
रकाना दहात त्यांनी न विचारताच मराठी लिहिलं
आणि पान उलटलं.
मीही काही बोललो नाही.

आत माझी आई, संकेश्वरची,
कुकरच्या शिट्ट्या मोजत बसलेली.
त्या गेल्यावर विचारलं तिनं, रोज विचारते तसं,
"ऊटा आतेन?"
जेवलीस का.
पन्नास वर्षं ती कानडीत विचारते,
मी मराठीत सांगतो.

"जेवतो गं," म्हणालो.
मग ताट घेतलं, भिंतीकडं तोंड केलं,
आणि उगाच, श्वास आत ओढून,
बार म्हणून बघितलं.
ओझंच झालं.
परत बघितलं.