डावा बूट

शालिमारला माझं दुकान. दुकान म्हणजे
एक छत्री, एक पेटी, आणि मागे
बंद पडलेल्या घड्याळवाल्याची पायरी.
हेमराज खैरनार इथे पहिल्यांदा आला तेव्हा एकोणीसचा होता,
सटाण्याकडचा, बोलताना मान खाली,
हातात नवेकोरे बूट. म्हणाला,
काका, डाव्याला अंगठ्यावर भोक पाडा.
मी म्हटलं, वेडा का काय? नव्याला?
त्याने चप्पल काढून नख दाखवलं.
काळं, भरताच्या वांग्यासारखं.

अठरा वर्षं मी भोकं पाडतोय.
वेगवान गोलंदाज म्हणजे काय ते मला कुणी समजावलं नाही,
तळव्यांवरून कळत गेलं:
डावा पाय आदळतो, अंगठा बुटाच्या पुढे धावू पाहतो,
उजवा मागून फरपटत येतो, टोक घासत.
त्या टोकाला मी ट्रकच्या टायरचा तुकडा लावतो.
मालेगावचा एक जण आणून देतो.
एका तुकड्यात एक मोसम निघायचा.
पुढे पुढे तुकडा उरायला लागला.

ज्या वर्षी मणक्याला तडा गेला
त्याच्या दोन महिने आधीच डाव्याची टाच
बाहेरच्या अंगाने खाल्ली जात होती.
म्हटलं, तू वाकडा पडतोयस रे.
तो हसला. मग पेपरात आलं.
मग मांडी. मग घोटा. मग परत मांडी,
तीच, त्याच जागी.
उसवलेलं जुन्या भोकांतून शिवू नये,
जरा सरकून, धड कातडं धरून शिवावं,
हे मी पोराला पहिल्या दिवशी शिकवलं.
हेमराजला काय शिकवू?

वृषाली, त्याची बायको, एकदा एकटीच आली.
पर्सचा बंद तुटला होता.
टाके घालून होईस्तोवर उभी राहिली, मग म्हणाली,
तुम्ही सांगाल का त्यांना? तुमचं ऐकतात.
मी दोऱ्याला मेण लावत राहिलो.
पंधरा झाले. तिने वीस दिले. मी पाच परत केले.

गेल्या जानेवारीत गोल्फ क्लबवर सामना होता.
पोराला पेटीवर बसवून गेलो, आयुष्यात पहिल्यांदा.
थंडी अशी की ऊन येऊनही गवतावरचं दहिवर सुटेना.
त्याची सातवी ओव्हर. धावत आला.
मला फक्त बूट दिसत होते, माझे बूट.
डावा आदळला. सरळ पडला, अगदी सरळ,
आणि तरीही तो तिथेच थांबला, हात मांडीमागे,
जशी कुणी नाव घेऊन हाक मारावी.
शेजारी एक जण फुटाणे खात होता. म्हणाला, संपला.
मी त्याच्या पायांकडे पाहिलं.
टाच त्याचीही तिरकी झिजली होती. बोललो नाही.

श्रावणात आला. सदतीस झाली, कानामागे पांढरं.
खोका उघडला. नवे बूट, डिंकाचा वास अजून जात नव्हता.
मी रापी दगडावर दोनदा ओढली,
अंगठा कुठे येतो ते चाचपून
खडूने गोल केला.
तो म्हणाला, काका, थांबा.
भोक पाडलं की दुकानदार परत घेत नाही.

मग बसला बराच वेळ, पायरीवर, पाय लांब करून,
सीबीएसकडे वळणाऱ्या बसेस बघत.
चहा घेतला. पोरीच्या सायकलबद्दल बोलला,
गिअरची हवी म्हणते, उंची पुरत नाही अजून.
उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा जोरातच.
खोका न्यायचा विसरला.
किंवा विसरला नसेल.

आता दिवाळी गेली. सकाळी बोटं गार पडतात,
सुई धरवत नाही.
खोका पेटीवर आहे, प्लास्टिकमध्ये.
दर सोमवारी उघडतो, फडकं मारतो.
धुळीबरोबर खडूचा गोलही पुसला जातो.
मी परत काढतो,
सुजेपुरती जागा धरून.