बाकी एक

हर्णैला लिलाव आटपला की वाळूवर वाटे पडतात.
बोटीचा, जाळ्याचा, तांडेलाचा, मग खलाशांचे.
वही माझ्याकडे. कुणाकडे सात माणसं, कुणाकडे अकरा,
जोमा तांडेलाकडे तेरा,
आणि तेरा म्हणजे काही केल्या
एखादा सरंगा उरणारच.

एकदा डिझेलच्या पावतीमागे मांडून पाहिलं:
किती मासा आला
तर एकापासून विसापर्यंत कितीही हात असोत,
भांडण वाट्याला येणार नाही?

सोळा घेतले (आठ, चार, दोन त्यातच आले),
नऊ घेतले, मग पाच, सात,
अकरा, तेरा, सतरा, एकोणीस.
पंधराला वेगळं बोलवावं लागलं नाही,
तो तिनाच्या नि पाचाच्या घरचाच.
गुणत गेलो, तोवर भरती धक्क्याच्या पायरीला लागली:
तेवीस कोटी सत्तावीस लाख
ब्याण्णव हजार पाचशे साठ.
याहून लहान चालत नाही.

जोमा म्हणाला, एवढा बर्फ कोण देणार?
पोशाने विचारलं, आणि विसाच्या वर माणसं असली तर?
एकवीस निभावले, बावीसही.
तेविसाला पंधरा उरले.

चांगुणा काही बोलली नाही.
ती रोज टोपलं घेऊन बाजूला उभी असते.
उरेल तो मासा तिचा,
हे कुणी ठरवलेलं नाही, वहीत तर नाहीच.
आणि मी सगळ्या बोटींवर
बाकी शून्य आणून ठेवली होती.

रात्री साठाचे एकसष्ट केले.
आता दोघं असोत की वीस जण,
दर बोटीमागे बरोब्बर एक उरतो.

पण त्या नव्या संख्येला कुणी भागेचना.
तेविसाने सोळा उरले, एकोणतिसाने वीस,
एकतिसाने चौदा.
जून-जुलैची बंदी, बोटी ताडपत्रीखाली,
मी एकेक मूळ संख्या लावत बसलो.
पंधरा हजार दोनशे सत्तावन्नापर्यंत गेलं की पुरे,
त्यापुढचा कुणी भागणारा असता
तर त्याचा जोडीदार आधीच भेटला असता.
सतराशेच्या वर भागाकार. तीन बंद्या गेल्या.
एकही निःशेष नाही.

मूळ संख्याच ती.
भागते फक्त स्वतःने,
आणि एकाने.

तिथे मी पेन खाली ठेवलं.
एकाने भागलं की बाकी उरत नाही.
चांगुणाचा लक्षा त्या पहाटे
होडी घेऊन एकटाच गेला होता.

काल जोमाने वाळूवरून हाक मारली,
हिशेबनीस, बाकी किती?
एक, म्हटलं.
चांगुणाने सरंगा उचलला,
शेपटीची वाळू झटकली.
बाकी ठीक ना? मी विचारलं.
बाकी ठीक, म्हणाली.